आठ तारा

पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
एकोणतीसचा पाढा विसरले,
हे नाही.

ऐरोली, सेक्टर चार, सिडकोची बैठी घरं.
दादाच्या खोलीत एक डबा, एक ढोल्या मॉनिटर,
गल्लीपलीकडे जितू मढवीकडे दुसरा.
मी तेरा वर्षांची.
बोटं बारीक म्हणून माझी नेमणूक झाली:
"शलाके, तू टोकं बांध.
खेळायला आम्ही आहोत."

स्विच परवडत नव्हता.
मशिनं दोनच, थेट समोरासमोर.
मग एका टोकाला क्रम फिरवायचा,
नारिंगीच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी नारिंगी,
म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात पडतं.
सरळ जोडली तर दोघंही बोलत राहतात
तोंडाला तोंड लावून
आणि ऐकत कुणीच नाही.
आमच्या घरात हे तसं नवीन नव्हतं.
पण ते दुरुस्त करता येतं, पक्कड लागते,
हे मला त्या वर्षी कळलं.

वायर पत्र्यावरून, मढवींच्या शेवग्याला वळसा घालून गेली.
आईला ती दोरी वाटली.
तिने तिच्यावर दोन परकर वाळत घातले, ओले,
आणि पलीकडे जितू
जिंकता जिंकता नाहीसा झाला.
तो पावाची पिशवी हातात घेऊन भांडायला आला
तेव्हा दादाने बोट माझ्याकडे केलं.
टोक माझं नव्हतं निसटलं. शेवग्यापाशी जॉइंट होता, टेपचा.
कुणी विचारलं नाही.

आता मी घणसोलीत, नवव्या मजल्यावर, हप्ते माझेच.
दादाने माळ्यावरून जुना डबा उतरवून आणलाय,
चाळिशीचा चष्मा कपाळावर.
जितू आलाय, केस गेलेले, पोरगी सोबत.
सेल्वम आलाय, आईबाबांची रूम विकायला आला होता,
सह्या उद्यावर ढकलून इथे बसलाय.
"वाय-फाय आहे की तुझ्याकडे," जितू म्हणतो.
आहे.
पण हा खेळ वाय-फायच्या आधीचा,
त्याला नेटवर्क म्हणजे काय ते जुन्याच बोलीत समजतं.
मधे एक दुभाषा बसवावा लागतो,
दोन रात्री शोधून काल मिळाला.

पत्ते वाटले.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक,
पुढचा आकडा तेवढा ज्याचा त्याचा.
एका गल्लीतली घरं.
मग एकेकाला हाक मारली.
दोन: ओ आली.
तीन: ओ आली, एका मिलिसेकंदाच्या आत.
चार: वाट पाहून वेळ संपली.

चार नंबर दादाचा.
"खेळ दिसतच नाहीये गं," तो म्हणतो,
माउस आपटतो, वायर हलवतो,
वायरीवर संशय, सवयीने.
वायर माझी आहे. वायरीला काही झालेलं नाही.
त्याच्या मशिनची फायरवॉल चालू आहे,
बाहेरची हाक आतच येऊ देत नाही.
एक टिचकी मारली की उतरते.

मी आधी चहा टाकला.
आलं किसलं, जरा जास्तच बारीक.

चहा झाल्यावर टिचकी मारली.
चारकडून ओ आली.
कुणाला काही सांगितलं नाही.

जितूची पोरगी माझ्या कोपराला टेकून विचारते,
"आत्या, हा तुमचा खेळ आहे?"
पडद्यावर चौकट, नाव लिहा म्हणते, कमाल बारा अक्षरं.
या चौकटीत तिघांची नावं मी शंभरदा बघितलीत,
दाराशी उभी राहून,
हातात सोललेल्या तारा.

"अगं सुरू कर ना," दादा.
खेळ माझ्या मशिनवर आहे.
मी सुरू केल्याशिवाय कुणाचाच होत नाही.

करते.
आधी पोरीला खुर्ची ओढून देते,
तिची बोटं बघते, बारीक आहेत,
आणि माउस तिच्या हातात ठेवते.
मग वाकून मागचं टोक एकदा दाबून बघते.
टक्.
बसलंय.